ट्रेलरच्या फळ्या

फळ्या नव्या होत्या. आर्विडने गॅरेजच्या फरशीवर गुडघा टेकला आणि ट्रेलरखाली हात घालून पाहिलं. पाण्यावरची स्कूटर ज्या दोन लांब फळ्यांवर टेकते, त्यांच्यावरचा गालिचा गेल्या हंगामात पार विरला होता. लाकूड उघडं पडून स्कूटरच्या पोटाला ओरखडे काढत होतं. तळ्यावरचा बर्फ गेला की बदलायच्या, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. आता तिथे कोरा करडा गालिचा होता, ताठ बसवलेला, एक सुरकुती नाही.

त्याला न विचारता कुणीतरी त्याच्या गॅरेजात काम करून गेलं होतं.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने मार्लिसला विचारलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं. हातातला बटाटा ती दोनदा धुवत राहिली. मग म्हणाली, चांगलं झालंय ना, मग झालं तर. आणि तिने रेडिओ मोठा केला.

आर्विड परत गॅरेजात आला. बाकावर एक ड्रिल पडलं होतं. मुठीला चिकटपट्टी आणि पट्टीवर शेजारच्या लोवेलचं नाव. त्याच्या मनात एकेक गोष्ट जुळू लागली. स्कूटरची चावी मार्लिसने आपल्या पर्समध्ये टाकली होती आणि विचारलं तर सापडत नाही म्हणाली होती. तो दुपारी जरा आडवा झाला की लोवेल कुंपणाशी यायचा. तो आणि मार्लिस हळू आवाजात बोलायची आणि आर्विड दिसला की गप्प व्हायची. स्कूटर विकायचा घाट असेल, नाहीतर याहून वाईट काहीतरी.

पण काम लोवेलचं नव्हतं. जन्मभर विम्याचे कागद भरलेला माणूस तो, त्याला सरळ खिळा ठोकता येत नसे. आर्विडने टॉर्च लावून फळीची खालची बाजू पाहिली. पिना सगळ्या खालून मारलेल्या, गंज न धरणाऱ्या. टोकाला गालिचा पाकिटासारखा दुमडलेला. बोल्टची डोकी लाकडात खोल बसवलेली, स्कूटरला टोचू नयेत म्हणून. या तळ्याकाठची निम्मी लाकडी घरं आर्विडने बांधली होती. हा कुणी ऐरागैरा नव्हे, हे त्याला बघताक्षणी कळलं. दोघांनी मिळून बाहेरून कसबी माणूस आणला होता, आणि त्याच्यापासून लपवलं होतं. दोन दिवस त्याचा उजवा तळवा ठणकत होता. मूठ आवळली तशी आणखी कळ आली.

लोवेल आपल्या धक्क्यावर पाइपाने शेवाळ धूत होता. आर्विड तडक तिथे गेला. माझ्या गॅरेजात किती वेळा शिरलास, माझ्या बायकोशी काय कुजबुजतोस, सगळं त्याने एका दमात विचारलं. लोवेलने वर आर्विडच्या घराकडे पाहिलं. खिडकीत मार्लिस उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली. आर्विडने तेही पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "मला त्या माणसाचं नाव हवंय. काम झकास केलंय त्याने, माझ्या तोडीचं. पण माझ्या मागे माझ्या घरात कोण वावरतं, ते मला कळायला नको?"

लोवेलने पाणी बंद केलं. बराच वेळ तो पाइप गुंडाळत राहिला. मग सगळं तिथेच टाकून जवळ आला आणि त्याने आर्विडच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"तूच केलंस, आर्विड. मंगळवारी, दिवसभर. मी नुसतं फळीचं दुसरं टोक धरून उभा होतो."