हरायची वाट

रिंगणाच्या खालच्या अंगाला बाकडी मांडलेली दिसली, तसा मानसिं तामांगने आपल्या बैलाचा, कालेचा, दोर आवळला.

"ध्रुव, ही वाट कोणी अडवली?"

रिंगण म्हणजे कापणी झालेलं वावर. तीन बाजूंना बांध, बांधावर सगळं गाव. चौथी बाजू मोकळी ठेवायची. हरलेला बैल तोंड फिरवतो आणि तिथून पळून जातो. पळाला की झुंज संपली, मग त्याच्या वाटेला कोणी जायचं नाही. माघे संक्रांतीची झुंज वाडवडील अशीच लावत आले. यंदा त्या बाजूला परदेशी पाहुण्यांच्या तीन रांगा बसल्या होत्या. बैलांच्या मागे हिमालाची बर्फाची शिखरं दिसतात ती तिथूनच.

"पाहुणे आहेत, दाजू," समितीचा अध्यक्ष ध्रुव म्हणाला. "लांबून आलेत."

"म्हणून काय दारातच बसवायचं? जरा सरकव त्यांना. बैल जाईल एवढंच."

"आता सगळं मांडून झालं. आणि काले हरणारच, हे आधीच धरून चाललात होय? म्हातारे तुम्ही झालात की बैल?"

बांधावरची माणसं हसली. मानसिं चुकला तो इथंच. बैल घेऊन सरळ घरी जायचं, तर त्याला त्या हसण्याचा राग आला.

पुढच्या बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई होती. तिने दुभाष्याला हळूच काही विचारलं.

"त्या विचारतायत, बैल मरत तर नाहीत ना?" दुभाष्या म्हणाला. "तसं असेल तर त्या उठून जातील."

"छे हो," ध्रुव म्हणाला. "हरला की पळतो. झालं."

बाईचा जीव भांड्यात पडला. ती नीट टेकून बसली. मानसिंने एकदा बाकड्यांकडे बघितलं आणि दोर सोडला.

कालेने बराच वेळ दुसऱ्या बैलाच्या शिंगाला शिंग लावून धरलं. मग त्याचे मागचे पाय मातीत घसरायला लागले. अकरा वर्षं नांगर ओढलेला बैल, त्याला आपली ताकद कळत होती. त्याने तोंड फिरवलं आणि खाली पळत सुटला, दरवर्षी हरलेला बैल पळायचा तिकडेच.

बाकड्यांपासून दोन हातांवर तो थबकला. समोर माणसंच माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाइल. कोणी उठलं नाही. मागून दुसरा बैल आला, म्हणून काले परत वळला, आणि वळता वळता शिंग त्याच्या पोटात गेलं.

मानसिं त्याच्याजवळ मातीत बसला. कालेचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. ध्रुव दुसऱ्या बैलाचा दोर धरून खाली बघत होता.

बाई जवळ आली. तिचे डोळे भरले होते. तिने छातीवर हात ठेवून काही सांगितलं.

"त्या म्हणतायत, फार शूर होता," दुभाष्या म्हणाला. "शेवटपर्यंत पळाला नाही."

मानसिंने मान वर केली नाही. कालेच्या कानामागे तो खाजवत राहिला.

"त्यांना सांग, पळाला होता. त्यांच्या पायांपर्यंत आला होता."