ब्लँकेटांची कोठी

सहानुभूती ही माणुसकीची पहिली पायरी आहे, असं पाहणी समितीच्या अध्यक्षबाई तुरुंगातल्या बायकांच्या बराकीत शिरताना म्हणाल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. रंगाचा वास होता. समिती येणार म्हणून भिंती कालच रंगवल्या होत्या. घाईत खिडक्याही चौकटींना चिकटून बसल्या होत्या.

बायका ओळीत बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर कोरं ब्लँकेट, घडी न मोडलेलं. ब्लँकेटं अशी बाहेर काढली की त्यांची कोठी रिकामी होते, आणि जेलरबाई जागा वाया घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. रंगाच्या वासाने बराकीतल्या म्हाताऱ्या कैदी मावशीचा दमा उसळला होता. पाहुण्यांसमोर ती घरघर बरी दिसली नसती. सकाळीच तिला कोठीत घालून बाहेरून कुलूप लावलं होतं.

कोपऱ्यातल्या दारावर आतून धपधप झालं.

"हे काय?" अध्यक्षबाई थबकल्या.

"नळ, मॅडम. पाणी आलं की पाइप वाजतो," जेलरबाई म्हणाल्या.

समितीतल्या वकीलसाहेबांनी एका ब्लँकेटचा पोत चिमटीत धरून पाहिला. "यांचे एवढे लाड कशाला? गुन्हा करताना मागितलं होतं का कुणी ब्लँकेट?"

"असं कसं, वकीलसाहेब!" अध्यक्षबाई म्हणाल्या. " शेवटी बायकाच त्या. वाईट वाटतंच हो. किती वाटू द्यायचं, एवढाच प्रश्न आहे."

धपधप आता थांबून थांबून येत होती.

अध्यक्षबाई पहिल्या ओळीतल्या एका पोरीकडे वळल्या. "बोल बाळ, काही कमी आहे का? घाबरू नकोस."

जेलरबाई पोरीकडे बघून गोड हसल्या. उद्या पोरीच्या लेकाची भेट होती. ती होऊ द्यायची की नाही, हे त्याच ठरवणार होत्या.

पोरगी उभी राहिली. "कोठी उघडा ना, बाई. ब्लँकेटं ठेवून देते. आत्ताच."

"बघा!" अध्यक्षबाई खूश झाल्या. "आमच्या सूनबाईंना सांगून सांगून थकले, पण घेतलेली वस्तू जागेवर ठेवतील तर शपथ."

"चहा झाला की उघडू," जेलरबाई म्हणाल्या. "बस खाली."

चहा आला. वकीलसाहेबांनी बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, ते काढण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की आवाज बंद झालाय.

"पाणी गेलं वाटतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो, मॅडम. आता नाही वाजणार."

बराकीत नळ नव्हता. अंगणातल्या हौदावरून भरून आणलेल्या बादल्यांची रांग समितीने येतानाच पाहिली होती, आणि नीटनेटकी आहे म्हणून वाखाणलीही होती.