पुढची सीट

सुट्टीच्या तळावर उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमधला, त्या चाकांवरच्या घरातला, गॅस सकाळच्या चहाआधीच संपला. सिलिंडर भरून घेतल्यावर नवऱ्याने तो गाडीत पुढच्या सीटवर उभा केला, पट्टा बांधला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बायकोला मागे बसवलं. सुरक्षा अधिकारी म्हणून त्याने जन्मभर कारखान्याला जेरीस आणलं. निवृत्तीनंतर जेरीस आणायला बायकोच उरली होती. प्रत्येक गतिरोधकापाशी तो गाडी थांबवून सिलिंडरची विचारपूस करी. "अहो, जरा दामटा की," वाऱ्याने गारठलेली ती म्हणाली, "चहावाचून डोकं फुटतंय." "डोकं फुटलेलं परवडतं," तो म्हणाला. पुढच्या गतिरोधकाला ती उतरून चालू लागली. दार वाजलं तेव्हाही त्याचं लक्ष सिलिंडरवरच होतं. तो तळावर पोचला तेव्हा ती शेजारच्या कॅराव्हॅनपाशी दुसरा चहा पीत होती. "बघ, एकदाही हलला नाही," सिलिंडर थोपटत तो म्हणाला. "हलायला आधी गाडी चालावी लागते," ती म्हणाली.