आरशाची पहाट

आकाशातला आरसा उजळला आणि डोलकरचा कोंबडा आरवला. खरा सूर्य डोंगराआडून वर यायला अजून दोन तास होते.

नेपाळच्या उत्तर टोकावरच्या तिच्या गावाला चीनने हा उपग्रहाचा आरसा भेट दिला होता. बीजिंगमध्ये उजाडलं की इथेही उजाडायचं. गारठून मरणारी कोकरं त्यामुळे वाचली, हे डोलकरलाही मान्य होतं.

"पण फुकटात ऊन कोण देतं? बदल्यात काहीच कसं मागत नाहीत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," छेवांग हसला. "शाळा, बाजार, मठातली घंटा, सगळं आरशाप्रमाणे चालतंच ना? काय बिघडलं?"

निदान कोंबडा तरी आपल्या वेळेचा राहावा म्हणून संध्याकाळी डोलकरने त्याला बिनखिडकीच्या कोठारात कोंडलं, दाराच्या फटीत घोंगड्या कोंबल्या. घराच्या खिडक्याही घट्ट लावून घेतल्या.

पहाटे कोठारातल्या मिट्ट काळोखात कोंबडा आरवला. डोलकरने धावत जाऊन घराचं दार उघडलं. आरसा नुकता उजळत होता.

"मेल्या, तूही फितूर झालास!" ती कोठाराकडे बघून ओरडली.

मागे चुलीवर तिने मघाशीच ठेवलेला चहा उकळत होता. तिलाही कोणी उठवलं नव्हतं.