सी दर्जाचं घर

“हे घर असं भाड्याने देता येणार नाही,” माळ्यावरून उतरता उतरता तपासनीस म्हणाला. “ऊर्जाबचतीत एफ दर्जा आहे. कायद्याने किमान ई तरी लागतो. सगळी ऊब छतातून आणि भिंतींतून बाहेर चालली आहे.”

आयरीन बॅरक्लफ चहाचा कप हातात धरून उभी होती. इंग्लंडमधल्या टॉडमर्डनच्या चढावरची ही दोन दगडी जोडघरं तिच्या नवऱ्याने मागे ठेवलेली. एकात ती राहायची. दुसऱ्यात, म्हणजे या घरात, डेस्मंड राहायचा. निवृत्त बसचालक, मूळचा डोमिनिका बेटावरचा, बऱ्याच वर्षांचा भाडेकरू. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून तो सगळं ऐकत होता.

तपासनीस गेल्यावर तोच म्हणाला, “मालकीणबाई, मनाला लावून घेऊ नका. मी बघतो दुसरीकडे. बर्मिंगहॅमची बहीण बोलावतेच आहे.”

“बहिणीशी तुमचं दोन दिवस पटत नाही.”

“बर्मिंगहॅम मोठं आहे. मी दुसऱ्या टोकाला राहीन.”

आयरीन हसली. लीड्सला राहणाऱ्या तिच्या मुलाने, क्लाइव्हने, फोनवर एका वाक्यात निकाल लावला. भाडेकरू काढ आणि घर विकून टाक. सल्ला व्यवहाराचा होता. पण नवरा इस्पितळात होता तेव्हा हाच भाडेकरू तिला रोज गाडीने नेऊन आणायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. ते क्लाइव्हला कुठे माहीत होतं?

तिने स्वतःच्या घरासाठी थोडे पैसे बाजूला टाकले होते. घर तापवणारा नवा बॉयलर घ्यायचा, खिडक्या बदलायच्या. तिचं घर काही कमी गार नव्हतं. पण आपल्याच घरात कुडकुडायला कुणाचा दाखला लागत नाही. तिने ते पैसे शेजारच्या घरात घातले. उन्हाळाभर कारागीर राबले. भिंतींना आतून जाड अस्तर लागलं, माळ्यावरही तेच पसरलं, बॉयलर नवा आला. तपासनीस पुन्हा आला आणि सी दर्जा देऊन गेला. डेस्मंडने तो दाखला दाराला चिकटवला, नातवाचं प्रगतिपुस्तक मिरवावं तसा.

जानेवारीत आयरीनचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला मान हलवत म्हणाला, याचे सुटे भाग आता बनत नाहीत. दुसऱ्या दिवशी डेस्मंड काही कामाने आला, तर ती कोट, टोपी, मफलर घालून स्वयंपाकघरात बसलेली.

“कुठे निघालात?”

“कुठेच नाही.”

बोलताना तिच्या तोंडातून वाफ येत होती.

“माझ्याकडची वरची पुढची खोली रिकामी आहे,” तो म्हणाला. “सकाळी ऊन येतं. चला.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बाई थंडीने मेली नाही.”

तिने एक पिशवी भरली, विणकाम घेतलं आणि दोन-चार दिवसांपुरती म्हणून शेजारी गेली. पहिल्याच सकाळी तिला उशिरा जाग आली. किती वर्षांनी ती पायात मोजे न घालता झोपली होती. खाली डेस्मंड जायफळ घालून मक्याची लापशी ढवळत होता. रविवारी तिने मटणाची तंगडी भाजली, भरपूर रस्सा घालून. टीव्हीवर काय लावायचं यावरून दोघांची रोज जुंपायची, आणि रोज त्याची दोघंही वाट बघायची. बॉयलरचा विषय कुणी काढत नव्हतं.

मार्चमध्ये क्लाइव्ह लीड्सहून आला. आईचं दार वाजवून वाजवून दमला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. आयरीन अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये उभी होती, हात पिठाने माखलेले. आतून कुणीतरी शीळ घालत होतं.

“आई, तू इथे काय करतेस?”

“राहते. पाय पुसून आत ये.” मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, “मी इथली पोटभाडेकरू आहे, आमच्या घरमालकांना चिखल चालत नाही.”