परत नेलेला पाळणा

"कॉलनीत पोलीस येऊन गेले गं," गिरिजाबाई दारातूनच म्हणाल्या. "कुणाची सायकल गेली, कुणाची दोरीवरची कापडं. आता क्यामेरं तपासणार हायत म्हणं. पार्सलवाल्या पोरांवरच डोळा हाय समद्यांचा."

ऋतुजाने हातातलं दुपटं मांडीखाली सरकवलं. गिरिजाबाई तिच्या शेजारीण. होटगी रोडच्या कॉलनीत त्या धुणीभांडी करायच्या. ऋतुजाचा नवरा अभिमन्यू त्याच भागात पार्सलं पोचवायचा.

"तोंड का उतरलं तुझं? दिवस भरत आल्यात, जरा पडून रहा," असं म्हणून त्या गेल्या.

ऋतुजाची नजर पाळण्यावर गेली. चांगला सागवानी, कड्यांचा. कालच अभिमन्यूने तो तात्याबाच्या टेम्पोतून आणला होता. त्याआधी झबली-दुपटी आली, कुंच्या आल्या, मच्छरदाणी आली. सगळं वापरलेलं, पण जपून वापरलेलं.

बाळाची चाहूल लागली तेव्हापासून तिला खर्चाची धास्ती होती. अभिमन्यूच्या पगारात भाडं आणि किराणा भागला की महिना संपायचा. म्हणून तो दिवसाआड रात्रपाळी करायचा, गोडाऊनवरच झोपायचा. मोडनिंबच्या मामाने तिचं लग्न लावून दिलं तेच खूप होतं, आता बाळंतपणही त्याच्या गळ्यात घालायला तिचं मन धजावेना. सासर म्हणावं तर तिथे कुणीच नव्हतं. शेवटी तिने आपल्याच जुन्या सुती साड्या फाडून बाळोती केली, उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली. तेव्हा अभिमन्यू म्हणाला होता, "इकत काय आणू नगंस. आमच्या मल्लिनाथचं पोरगं मोठं झालंय, त्याच्याकडचं आणतो."

तिने नवऱ्याच्या त्या दोस्ताला, मल्लिनाथला, फोन लावला.

"भावजी, पाळणा लई झ्याक हाय. घरच्या ताईंना सांगा, मला लई आवडला."

"कुठला पाळणा वहिनी?" मल्लिनाथ हसला. "आमचं पोरगं अजून पाळण्यातच हाय की."

काहीतरी बोलून तिने फोन ठेवला. पोटात बाळ फिरलं.

संध्याकाळी अभिमन्यू जेवायला बसला. तिने भाकरी वाढली.

"कॉलनीत पोलीस आलते म्हणं."

"येऊ दे की."

"पाळणा मल्लिनाथभावजींचाच हाय न्हवं?"

त्याचा घास हातातच थांबला. मग त्याने तो आमटीत बुडवला. "व्हय. का?"

"उगंच इचारलं."

"लई इचारत बसू नगंस. बाळाला मिळतंय, घे."

ताटात हात धुऊन तो रात्रपाळीला निघून गेला. एरवी तो तिच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय बाहेर पडत नसे.

सकाळी ती टेम्पोच्या थांब्यावर गेली. तात्याबा चहा पीत होता.

"मामा, परवाचा पाळणा कुटनं भरला वो?"

"होटगी रोडच्या कॉलनीतनं की. घरात कुणी न्हवतं. अभिमन्यूनं कुलूप काढलं, दोघांनी उचलला अन् टाकला गाडीत."

ऋतुजाला कॅमेरे दिसू लागले, बेड्या दिसू लागल्या. तुरुंगाच्या जाळीपाशी आपण तान्हं लेकरू घेऊन उभ्या आहोत असं दिसू लागलं. मोडनिंबला मामाकडे परत जायचं म्हटलं तरी कुठल्या तोंडाने जायचं?

ती तात्याबाकडे वळली. "मामा, पाळणा परत न्यायचाय. आत्ताच."

झबली, दुपटी, कुंच्या, मच्छरदाणी तिने एका पिशवीत भरली. स्वतः शिवलेली गोधडी तेवढी मागे ठेवली. वाटेत तिने मनाशी ठरवलं, त्या घरच्यांचे पाय धरायचे. वस्तू परत मिळाल्यावर माणसं एवढी कठोर होत नाहीत. अभिमन्यूने जे केलं ते बाळासाठी केलं. त्याला नंतर काय बोलायचं ते बोलता येईल, आधी तो वाचला पाहिजे.

टेम्पो एका बैठ्या घरापुढे थांबला. ऋतुजाने कडी वाजवली. दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. हाताला पीठ लागलेलं, केस वर बांधलेले. तिची नजर टेम्पोकडे गेली.

"अगं बाई! पाळणा परत का आणला? मोडला का?"

ऋतुजाने हात जोडले. "ताई, चूक झाली. काय बी हरवलं न्हाय, समदं जसंच्या तसं हाय. पोलिसात जाऊ नका. तुमच्या पाया पडते, माझ्या पोटात बाळ हाय."

ती वाकायला लागली, तशी बाईने तिला दंडाला धरून उभं केलं.

"पोलीस कशाला? मीच न्यायला सांगितलं होतं. मी त्या दिवशी शाळेवर होते, म्हणून घरात कुणी नव्हतं. आमची दानेश्वरी आता अंगणवाडीत जाते, पाळणा नुसता माळ्यावर पडून होता."

"तुमी दिला? खरंच दिला?"

"खरंच दिला की."

ऋतुजा रडता रडता हसायला लागली. चोरी नव्हती. तिचा नवरा चोर नव्हता. लोकांच्या दारात जुनं मागावं लागतं हे बायकोला सांगायची लाज वाटली असेल त्याला, म्हणून मल्लिनाथचं नाव पुढे केलं. आणि आपण त्याच्याविषयी काय काय मनात आणलं! आज तो घरी आला की त्याच्या आवडीची शेंगापोळी करायची, असं तिने तिथेच ठरवलं.

"मग पाळणा उतरवायचा का माघारी न्यायचा?" टेम्पोतून तात्याबाने विचारलं.

"माघारी न्या," बाई म्हणाली. मग ऋतुजाच्या पोटाकडे बघून ती मायेने हसली आणि पदराने तिचे डोळे पुसले. "पार्सलं वाटून हे येतीलच इतक्यात जेवायला. पहिल्यांदाच भावाच्या घरी आलाय, अशा उंबऱ्याबाहेर काय उभ्या वन्सं?"