पडलेली फळं गेली कुठे?

मुलांनो, डोळे मिटा आणि दोडामार्गजवळची पामतेलाच्या झाडांची छोटीशी बाग समोर आणा. घड इतके उंच असतात, की खालून रंग नीट कळत नाही. पण घड पिकला की दोन-चार फळं आपोआप खाली पडतात. तीच काढणीची खूण.

शेवंतीचे बाबा प्रत्येक झाडाखाली वाकून बघत होते. "एक फळ पडाक नाय. घड कच्चेच! आज टेम्पो रिकामोच जातलो," ते खट्टू होऊन म्हणाले. कारखान्याचा टेम्पो पुन्हा पंधरवड्याने येणार होता.

तेवढ्यात आईचं लक्ष शेवंतीच्या भातुकलीकडे गेलं. टोपलीभर लालभडक फळं! "ही तुका खंय गावली गो?"

"झाडांखाली. मी रोज सकाळी येचतंय. बाबांचो पाय घसरात म्हणान."

बाबा पोट धरून हसू लागले. "अगो बाय माझ्या! आता खंयची झाडां ती तरी सांग. नायतर पिकलेले घड सडतले."

शेवंती पुढे धावली. ती खोडावर थाप मारी आणि बाबा लांब दांड्याच्या विळ्याने घड पाडीत. दोन झाडं उरली तोच टेम्पो आला. ड्रायव्हरला भारी घाई होती.

मग शेवंतीने काय केलं असेल? ती सरळ टेम्पोत चढून त्याच्या शेजारी बसली. "मामा, माका हॉर्न वाजवूचो आसा!" ड्रायव्हर हसला. शेवटचा घड धप्पकन खाली पडेपर्यंत ती हॉर्न वाजवतच राहिली.